कच्च्या गाबोळीसाठी लखनौ

लखनौहून परत आल्यापासून मला सगळे तेच दोन प्रश्न विचारतात. कबाब खाल्लेस का, आणि चिकनकारीचे कुर्ते किती आणलेस. कबाब खाल्ले, पण लक्ष नव्हतं. कुर्ता एक आणला, तो आईला आखूड झाला. बाकी मी जे आणलं ते एका छोट्या बर्फाच्या डब्यात मावलं: सिंघी नावाच्या माशाच्या अंडाशयाचे बारीक तुकडे, औषधात बुडवलेले. एवढं सांगितलं की माणसं चहाचा कप उचलून दुसऱ्या कुणाकडे तरी वळतात. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आमच्या कोकणात माशाच्या अंडाशयाला गाबोळी म्हणतात आणि तळून खातात. माझं काम ती तव्यावर जाण्याच्या आधीचं. गाबोळी कच्ची असताना, मग तिच्यात बलक भरू लागल्यावर, आणि शेवटी पिकल्यावर, माशाची कुठली जनुकं बोलतात आणि कुठली गप्प बसतात, एवढं मला शोधायचं होतं. जनुक बोललं की पेशीत आरएनए नावाचा निरोप निघतो. तो पकडायचा. पण हा निरोप फार नाजूक. उन्हानं मोडतो, उशिरानं मोडतो, नुसता हाताचा घाम लागला तरी मोडतो. मोडला की नाही ते बघायची रीत ठरलेली आहे. जेलीसारखी एक पातळ चकती करायची, तिला जेल म्हणतात, तिच्या खाचांत नमुने घालायचे आणि वीज सोडायची. आरएनए धड असला तर वरच्या बाजूला दोन ठसठशीत पट्टे दिसतात. मोडला असला तर तुकडे ओघळत तळाला जातात आणि वर पट्टे राहत नाहीत.

माझ्या पिकलेल्या गाबोळीचे दोन पट्टे छान यायचे. कच्च्या गाबोळीचे कधीच आले नाहीत. सलग दोन हंगाम मी बोय मासा कापत होते आणि कच्च्या गाबोळीचा आरएनए बेसिनमध्ये ओतत होते. माझ्या आधी प्रयोगशाळेतल्या याच टेबलावर सुनेत्राताई होती. तिचंही अगदी असंच झालं. तिने शेवटी संशोधन सोडलं आणि चिपळूणजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. जाताना मला म्हणाली होती, "माझ्या हाताला यश नाही गं. तुझ्या असेल."

माझ्याही नव्हतं. आमचे सर शांत माणूस, पण शांत माणसाचं बोलणं जास्त लागतं. ते म्हणाले, बोय बोटीतून मेलेला येतो, असं तू दरवेळी सांगतेस. ठीक आहे. लखनौला माझ्या ओळखीच्या निमकरबाई आहेत, त्यांच्याकडे जिवंत मासा मिळेल. तिथे जा आणि कापून बघ. तरीही कच्च्या टप्प्याचा आरएनए आला नाही, तर आपण विषय बदलू. खवल्यांवरून माशाचं वय काढायचं काम आहे, तेही वाईट नाही. खवल्यांवरचं जाडजूड पुस्तक त्यांनी कपाटातून काढून आधीच टेबलावर ठेवलेलं होतं. मला ते पुस्तक खिडकीतून बाहेर फेकावंसं वाटलं.

मानक नगर

गाडीतल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी बसले कमी आणि दारापर्यंत चकरा जास्त मारल्या. समोरच्या बाईंनी न राहवून विचारलं की पोटाचं काही दुखणं आहे का.

निमकरबाई मूळच्या सांगलीच्या. लग्नानंतर लखनौला आल्या त्या इथल्याच झाल्या. माशांवर काम करणाऱ्या एका संस्थेत त्या शास्त्रज्ञ, आणि यजमान रेल्वेत इंजिनियर, म्हणून घर मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत. बसकी जुनी घरं, दारात कडुनिंब, आणि दुपारी लू नावाचा तापलेला वारा सुटला की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आमच्याकडे मे महिन्यात माणूस घामानं निथळतो. इथे घाम यायच्या आधीच वाळतो, आणि आपण तापलोय हे डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी माझ्याकडून आमसुलं काढून घेतली आणि रोहू माशाचं सार केलं. बाकी घरात मोहरीचं तेल. "यहाँ खोबरेल मागितलं तर केसांना लावायचंच देतात, यार," असं म्हणत त्या पोळ्या लाटत होत्या. त्यांची मुलगी ईशा कॉलेजात जाते. तिला मी मराठीत जे विचारलं त्याचं उत्तर तिने हिंदीत दिलं, आणि ते दोघींनाही वावगं वाटलं नाही. निमकरकाकांनी मात्र शुद्ध सांगलीच्या मराठीत माझी चौकशी केली. मग हलक्या आवाजात म्हणाले की तुझ्या हातात पापड आहे, तो तू मघापासून नुसता मोडत बसली आहेस. बघितलं तर ताटात चुरा पडला होता.

मला दुसऱ्याच दिवशी मासे हवे होते. बाई म्हणाल्या, अच्छा, उद्या जाऊ. पण उद्या मंगळवार निघाला.

बाराबंकीच्या वाटेवर

बाईंना मासे देणारे रामसजीवन हे बाराबंकीच्या रस्त्याला तळी राखून आहेत. साठीचे, पांढऱ्या मिश्यांचे, बोलायला गोड. आम्ही पोचलो तेव्हा ते तळ्याकाठी बाजेवर बसून काकडी सोलत होते. लखनौकडची काकडी बोटासारखी बारीक आणि हातभर लांब असते, तिला मीठ लावून खातात. त्यांनी आम्हालाही दिली आणि मग हसतमुखाने सांगितलं, "आज जाल नहीं डालेंगे, बिटिया. जेठ का मंगल है."

मी गडबडले. घरून निघताना आईने पंचांग पाहिलं होतं, त्यात वैशाख चालू होता. बाईंनी समजावलं की इकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो, त्यामुळे आपला वैशाख संपायच्या आधीच यांचा ज्येष्ठ लागतो. आणि ज्येष्ठातले मंगळवार म्हणजे लखनौत हनुमानाचे मोठे दिवस. त्या दिवशी कुणी माशाला हात लावत नाही. मी सर्वांत मोठ्या घाईत, आणि हे शहर माझ्यापेक्षा पंधरा दिवस पुढे जाऊनही निवांत होतं.

परतीच्या रस्त्यावर ठिकठिकाणी मांडव होते. पुरी आणि बटाट्याची रसभाजी, गुलाबी सरबत, बुंदी, सगळं फुकट, आणि घेतल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. गाड्या हात दाखवून थांबवतात. आपल्याकडे प्रसादासाठी रांगेत आपण उभं राहायचं. इथे प्रसादच रस्त्यात आडवा येतो. त्या दिवसांत शहरभर दगडी बागा आणि हत्तींचे पुतळे उभारण्याची कामं चालली होती. तिथले मजूर डोक्याला गमछे गुंडाळून सावलीत पुऱ्या खात होते. मीही द्रोण हातात घेऊन उभी राहिले. पुरी खरोखर चांगली होती. पण मला सारखं वाटत होतं की हा एक दिवस गेला, आता तिकिटाच्या आत काम उरकणार नाही. बाईंना मी तीनदा तरी विचारलं की बुधवारी नक्की ना. चौथ्या वेळी त्यांनी माझ्या तोंडात बुंदी घातली.

बुधवारी सकाळी जाळं पडलं. सिंघी म्हणजे काळसर, बिनखवल्यांचा, मिशाळ मासा. पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो, म्हणून टोपलीत वळवळत राहतो. मला बारकी, पहिल्या वर्षाची मादी हवी होती, कारण तिचीच गाबोळी नक्की कच्ची असणार. मी कुणाचं न ऐकता टोपलीत हात घातला. सिंघीच्या पंखाशी विषारी काटा असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेतही लिहिलं होतं. तो अंगठ्याच्या मुळाशी शिरला तेव्हा डोळ्यांसमोर काजवे चमकले. रामसजीवन यांनी शांतपणे चुलीवरचं पाणी आणवलं आणि माझा हात सोसेल तितक्या ऊन पाण्यात बुडवून धरला. काकडी खाणार का, असंही विचारलं. मी रडत होते. काट्यानं थोडी आणि बाकी कशानं ते मला ठाऊक होतं.

टेबलावर

नशीब, काटा डाव्या हातात होता. दुपारी संस्थेत मी स्वतः मासे कापायला बसले. बाई शेजारी उभ्या. कच्ची गाबोळी म्हणजे दोन गुलाबी, काचेसारखे दोरे. पिकलेली हिरवट, टपोऱ्या दाण्यांची. मी गाबोळी काढून मासा बाजूला सारला, तेव्हा बाईंनी मला थांबवलं.

"लिव्हर घेतलं नाहीस?"

मी म्हटलं, माझा विषय अंडाशयाचा आहे.

"अगं, अंड्यातला बलक बनतो कुठे? लिव्हरमध्ये. तिथून रक्तातून गाबोळीत येतो. आमच्याकडे गाबोळी घेतली की त्याच माशाचं लिव्हर घ्यायचंच. नाहीतर अर्धीच गोष्ट ऐकली ना."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्याकडे ती पद्धत नव्हती. औषधं महाग, नमुने मोजके, त्यामुळे जेवढं हवं तेवढंच. मी थोड्या नाराजीनंच लिव्हर घेतलं. एकच मासा, एकच बर्फ, तेच हातमोजे, तोच सुजलेला हात.

आरएनए काढायला दुसऱ्या दिवशीची सबंध सकाळ गेली. दोन पायऱ्यांच्या मध्ये थांबायचं असतं, आणि थांबणं मला जमत नाही. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. बाई खुर्चीत बसून कलिंगडाच्या बिया सोलत होत्या. म्हणाल्या, तुझ्या सरांनी मला सांगितलंय सगळं, खवल्यांचंही. मला लाज वाटली आणि रागही आला. मी विचारलं, आणि तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या की अजून काही वाटायला लागेल असं काही दिसलेलं नाही.

दुपारी जेल लावला. खाचांत क्रमाने घातलं: कच्ची गाबोळी, तिचं लिव्हर, पिकलेली गाबोळी, तिचं लिव्हर. वीज सोडली. निळा रंग हळूहळू खाली सरकायला लागला. आमच्याकडची रीत अशी की दोन पट्टे एकमेकांपासून सुटे दिसावेत म्हणून जेल शेवटच्या टोकापर्यंत पळवायचा, म्हणजे निळा रंग टोकाला जाईपर्यंत वीज सोडत राहायची. मला ही रीत सुनेत्राताईने शिकवली होती आणि तिला सरांनी.

निळा रंग निम्म्यावर आला आणि वीज गेली.

उन्हाळ्यात लखनौत वीज जाते यात नवल नाही. जनरेटर होता, पण तो बर्फाच्या कपाटांसाठी. आमचा सॉकेट त्यावर नव्हता. पंखे थांबले. मी डोकं धरून बसले. निम्म्यात थांबलेला जेल म्हणजे पट्टे पसरणार, सगळं वाया. बाई म्हणाल्या, होईल चालू. नाही झाली. बऱ्याच वेळाने वीज आली तेव्हा मी जेल पुढे पळवायला निघाले. बाईंनी माझं मनगट धरलं. "राहू दे. आहे तसा बघू. खराब झालाच असेल, तर बघण्यात काय जातं."

तो जांभळ्या उजेडाच्या पेटीवर ठेवला. खोलीतला दिवा बंद केला. पिकलेल्या गाबोळीचे दोन पट्टे होते. दोन्ही लिव्हरचे दोन-दोन पट्टे होते. कच्च्या गाबोळीच्या रांगेत वर अंधार होता.

"मोडला," मी म्हटलं. माझ्या आवाजात आश्चर्यसुद्धा नव्हतं. ते खवल्यांचं पुस्तक डोळ्यांसमोर आलं आणि त्याच्याबरोबर, खरं सांगायचं तर, एक प्रकारची सुटकाही वाटली. आता चकरा मारायला नकोत.

बाई वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेजारची रांग कुणाची?"

"लिव्हरची."

"कुठल्या माशाचं?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते मलाच ऐकू आलं. त्याच माशाचं. त्याच हातांनी, त्याच दुपारी काढलेलं. ते धड होतं. म्हणजे माझे हात एकाच माशाचं लिव्हर जपतात आणि गाबोळी मोडतात?

"आणि हे बघ," बाईंनी तळाकडे बोट केलं. "मोडलेला आरएनए कसा दिसतो? वरपासून खालपर्यंत ओघळ. हा ओघळ आहे का?"

नव्हता. अगदी खाली, एका जागी, एकच जाड पट्टा होता. कडा कापल्यासारख्या स्वच्छ. जेलमधला सर्वांत ठसठशीत पट्टा तोच होता. आमच्याकडे मी तो कधीच पाहिला नव्हता, कारण आमचा जेल टोकापर्यंत पळायचा आणि तळातला ऐवज टोकावरून बाहेर पाण्यात वाहून जायचा. वीज गेली नसती तर इथेही गेला असता.

मग बाई दिवा लावून खुर्चीत बसल्या आणि मला बेडकाबद्दल बोलायला लावलं. एमएस्सीला बेडकाचं अंडं सगळ्यांनाच अभ्यासाला असतं. कोवळ्या अंड्याला पुढे प्रथिनं भरपूर बनवायची असतात, त्यासाठी कारखाना उभा करायचा असतो. ते त्या कारखान्याचा सर्वांत छोटा सुटा भाग आधी बनवून ढीग घालून ठेवतं. मोठे दोन भाग नंतर येतात, अंडं वाढायला लागल्यावर. हे भागही आरएनएचेच असतात. वरचे दोन पट्टे म्हणजे ते मोठे भाग. आणि तळातला पट्टा म्हणजे छोट्या भागांचा साठा. हे सगळं मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, सिंघीच्या काट्यासारखंच.

"म्हणजे मोडला नाही, कच्ची गाबोळी अशीच दिसते," मी म्हटलं.

"असं दिसतंय खरं," बाई म्हणाल्या. "पण एका जेलवर नाचायचं नाही. उद्या परत."

दुसऱ्या दिवशी नव्या माशांवर तेच केलं. एक कच्ची गाबोळी मी काढली, एक बाईंनी. दोन्हींना वर काही नाही, खाली तोच पट्टा. मग मी हट्टाने एक जेल आमच्या पद्धतीने शेवटपर्यंत पळवला. खालचा पट्टा नाहीसा झाला आणि आमच्या प्रयोगशाळेतला तो ओळखीचा काळा अंधार समोर आला. मी त्या काळ्या रांगेकडे दोन हंगाम बघत होते, की तिच्याकडे बघून मला जवळजवळ घरची आठवण झाली.

सरांना फोन केला. मोबाइलला कॉलनीत रेंज नीट नव्हती, म्हणून कडुनिंबाखाली उभी राहून मोठ्याने सांगत होते, लिव्हर, वीज, तळातला पट्टा. मग त्यांनी प्रश्न विचारले, एकामागून एक, परीक्षकासारखे. शेवटी म्हणाले, फोटो घेऊन ये, आणि ते खवल्यांचं पुस्तक मी कपाटात ठेवतो. निमकरकाकांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना कबाब खायला नेलं. तोंडात घालताच विरघळणारे कबाब असतात म्हणे. असतीलही. मी टेबलाखाली पाय हलवत होते, कारण माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं होतं. माझा विषय वाचला होता. पण असाच काळा अंधार बघून दुसरं कुणीतरी आधीच निघून गेलं होतं.

चिपळूण

माझं परतीचं तिकीट चिपळूणच्या पुढचं होतं. चिपळूण आलं तशी मी सामान घेऊन उतरले. नमुने औषधात होते, बर्फही होता, एक दिवस ते माझ्यापेक्षा धीरानं काढू शकत होते. सुनेत्राताईला फोन करता आला असता. पण हे फोनवर सांगायचं नव्हतं, आणि गाडीत बसून राहणं तर मला मुळीच शक्य नव्हतं.

शाळेला सुट्टी होती. ताई अंगणात ताटांवर आंब्याचा रस पसरून साठं घालत होती. मला बघून आधी दचकली, मग माझ्या हातातला डबा बघून हसली. तिला तो डबा लगेच ओळखू आला. "लखनौला गेली होतीस ना? सर म्हणाले होते. काय गं, आली का कच्ची?"

मी पिशवीतून फोटो काढला. ती म्हणाली, "माझे हात भरलेत, तूच धर."

मी तिच्यासमोर धरला. उन्हासाठी मान तिरपी करून ती बघू लागली. मी बोलायला सुरुवात केली आणि तिने मला थांबवलं. तिने लिव्हरची रांग पाहिली, मग कच्चीची, मग परत लिव्हरची. मग तिची नजर खाली त्या पट्ट्यावर गेली आणि तिथेच राहिली. तिला बेडूक सांगावा लागला नाही.

"शेवटपर्यंत पळवला नाहीस?" तिने विचारलं.

"वीज गेली."

ती उठली. विहिरीपाशी गेली, रहाटाचं पाणी काढलं आणि हात धुवायला लागली. आंब्याचा रस कधीच निघून गेला होता, तरी ती धूत होती, बोटांच्या मधून, नखांच्या खालून, आम्हाला प्रयोगशाळेत शिकवलं होतं तसं. पदराला हात कोरडे केले. ताटांवर माश्या बसायला लागल्या होत्या, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि फोटो माझ्याकडून घेतला.

"आता सांग," ती म्हणाली. "लिव्हर घेतलंस तिथपासून. काही गाळू नकोस."